दहा फुगे आणि मास्तरांची दाढी

काल सकाळी चादर अर्धीच पिळून झाली होती. एक टोक सासूबाईंच्या हातात, दुसरं माझ्या. त्या डावीकडे पीळ देत होत्या, मी उजवीकडे, आणि पाण्याची धार गच्चीच्या कडेने खाली चालली होती. तेवढ्यात न्हाणीघरातून 'फट्' असा आवाज आला. माझ्या हातून टोक सुटलं. चादर गरागरा उलटी फिरली आणि निम्मं पाणी सासूबाईंच्या पायांवर.

"चौथा," सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

"काय चौथा?"

"फुगा. तू आधी टोक उचल."

मी टोक उचललं. घरात कुणाचा वाढदिवस नव्हता, पाहुणे यायचे नव्हते. सासूबाईंनी पुन्हा पीळ द्यायला सुरुवात केली आणि म्हणाल्या, "सकाळपासून तुझे सासरे फुग्यांची दाढी करताहेत. सुनेला सांगू नकोस म्हणून बजावलंय मला. म्हणून सांगते."

रोज या वहीत मी चार-पाच ओळी लिहिते. काय शिजवलं, कुणाची प्रकृती कशी, देवाकडे काय मागितलं आणि काय मागायचं राहिलं. कालची आणि आजची गोष्ट चार ओळींत मावणारी नाही, म्हणून आज पानं मोजत नाही.

माझे सासरे, म्हणजे आमचे बाबा, न्हावी. वय अठ्ठ्याहत्तर. तेराव्या वर्षी वस्तादांच्या दुकानात लागले. पहिली दोन वर्षं फक्त झाडू आणि गरम पाणी. मग वस्तादांनी हातात वस्तरा दिला, पण समोर माणूस नाही, फुगा. फुगा डोक्याएवढा फुगवायचा, त्याला साबणाचा फेस लावायचा आणि वस्तऱ्याने तो फेस साफ काढायचा. फुगा फुटता कामा नये. असे ओळीने दहा फुगे झाले, की माणसाच्या हनुवटीला हात लावायची परवानगी. एक जरी फुटला तरी पुन्हा एकपासून मोजायचं. बाबांना सात महिने लागले. पुढे स्वतःचं दुकान झालं तेव्हा बाबांनी तोच नियम हाताखालच्या पोरांना लावला, पोटच्या मुलालासुद्धा. ह्यांना नऊ महिने लागले. बाप-लेकांचा वाद झाला की त्या दोन महिन्यांचा उल्लेख निघतोच.

वस्तादांचा दुसरा नियम असा, की वस्तरा हातात असलेल्या माणसाने बसायचं नाही. दुकानात स्टूल होतं, पण ते लहान मुलांना खुर्चीवर चढायला. कुणी कारागीर त्यावर टेकलेला दिसला, की बाबा त्याला दिवसभर झाडायला लावत. पासष्ट वर्षं हा माणूस उभ्याने जगला, असं म्हटलं तरी चालेल.

सहा वर्षांपूर्वी त्यांनी दुकान ह्यांच्या ताब्यात दिलं. पण जी जुनी गिऱ्हाइकं आता जिना उतरू शकत नाहीत, त्यांच्या घरी ते स्वतः जात राहिले. आधी पाच जण होते, आता तीन उरलेत. तिघांचेही दात गेलेले. दात गेले की गाल आत बसतात आणि खळग्यात वस्तरा नीट फिरत नाही. मग बाबा त्यांच्या तोंडात लाकडी चमचा आडवा देतात. गालाला आतून टेकू मिळतो, कातडी ताणली जाते. ज्याचा त्याचा चमचा वेगळा. माझ्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर एक डबा आहे, त्यात हे तीन चमचे असतात. दर आठवड्याला मी ते उकळून ठेवते. लग्न होऊन आले तेव्हा त्यातल्या एका चमच्याने मी भात ढवळला होता. ते अजून कुणी विसरलेलं नाही.

या तिघांतले पहिले म्हणजे मास्तर. शाळेत गणित शिकवायचे, आता चौऱ्याऐंशी वर्षांचे. गेली चाळीस वर्षं त्यांच्या गालाला बाबांशिवाय कुणाचा वस्तरा लागलेला नाही. सोमवार आणि गुरुवार, सकाळी नऊ. ऊन असो, थंडी असो. पण गेले पाच आठवडे बाबा तिकडे फिरकले नव्हते. "गुडघा दुखतोय," म्हणायचे आणि खिडकीशी पेपर घेऊन बसायचे. आम्ही म्हटलं, दुखत असेल. या वयात काय काय दुखतं, त्याची यादी कुणी ठेवली आहे?

पीळ पूर्ण झाला. चादर दोरीवर टाकली आणि मी खाली आले. न्हाणीघराचं दार उघडंच होतं. बाबा आरशासमोर उभे, हातात वस्तरा, मिशीत फेस. नळाला दोऱ्याने बांधलेला पिवळा फुगा. आणि उलट्या बादलीवर माझी लेक बसलेली, मांडीवर वही. हिला आम्ही टकळी म्हणतो, कारण ती सुरू झाली की थांबत नाही. शाळेतून तिला काम मिळालं होतं. घरातल्या आजी-आजोबांना विचारून लिहा, वय वाढण्यातले आनंद कोणते आणि अडचणी कोणत्या.

"आजोबा, आपण म्हातारे झालो असं तुम्हाला पहिल्यांदा कधी वाटलं?"

"मला वाटलंच नाही. लोकांनी सांगितलं. एका गिऱ्हाइकाने उठून मलाच बसायला खुर्ची दिली."

"मग तुम्ही बसलात?"

"छे. त्याचे केस जरा जास्तच बारीक कापले."

सासूबाई माझ्या मागोमाग आल्या होत्या. दाराला टेकून उभ्या राहिल्या. टकळीने लगेच मोर्चा तिकडे वळवला. "आजी, तुझा आनंद सांग."

"लिही. पूर्वी नावडत्या माणसांची नावं मुद्दाम विसरावी लागायची. आता आपोआप विसरली जातात."

"अजून?"

"अजून म्हणजे कोणतीही गोष्ट दोनदा सांगता येते. लोकांना वाटतं म्हातारीच्या लक्षात नाही. माझ्या लक्षात असतं. मला सांगायला आवडतं."

"ही तू कालच सांगितलीस," बाबा म्हणाले.

"बघ, यांच्या लक्षात राहतं. म्हणजे अजून तरुण आहेत."

टकळी खाली मान घालून लिहीत होती. लिहिता लिहिताच तिने पुढचा प्रश्न टाकला. "आजोबा, सगळ्यात अवघड काय?"

बाबांचा वस्तरा फुग्यावरून वर आला. त्यांनी पात्यावरचा फेस पुसला. मग म्हणाले, "मास्तरांची दाढी."

आणि सगळं बाहेर आलं. पाच आठवड्यांपूर्वी मास्तरांच्या हनुवटीखाली वस्तरा लागला होता. जखम तिळाएवढी. तुरटी फिरवली, रक्त थांबलं. मास्तर काही बोलले नाहीत, बाबाही नाहीत. पण पासष्ट वर्षांत बाबांच्या हातून असं कधी घडलं नव्हतं. घरी येताना रस्त्यात त्यांनी हात समोर धरून पाहिला, तर तो थरथरत होता. त्या दिवसापासून तोंडाला कुलूप.

"आता परवा मास्तरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे," बाबा म्हणाले. "दवाखान्याने दाढी स्वच्छ करून यायला सांगितलंय. त्यांच्या सुनेचा फोन आला होता. मास्तर दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. दाढी बोटभर वाढली म्हणे."

"मग जा की," सासूबाई म्हणाल्या.

"दहा फुगे होऊ देत. आज संध्याकाळपर्यंत ओळीने दहा झाले, तर उद्या मी जाईन. नाही झाले, तर मास्तरांकडे दुकानातून आपला मुलगा जाईल, आणि हा वस्तरा मी त्यालाच देऊन टाकीन. पुन्हा हातात धरणार नाही. जो नियम पोरांना, तोच मला."

टकळीने विचारलं, "हे अडचणीत लिहू की आनंदात?"

मी स्वयंपाकघरात गेले, बटाटे चिरायला घेतले आणि मनातल्या मनात हात जोडले. देवा, तुझ्यापुढे फुगे मागणं म्हणजे पोरखेळ आहे, मला कळतं. पण तू लहानमोठं बघत नाहीस असं मी ऐकलंय. तेवढे दहा दे. तोच आतून पुन्हा 'फट्'. मी बटाट्याकडे बघितलं आणि म्हटलं, घाई नाही.

दुपारी हे दुकानातून जेवायला आले. तोवर नऊ फुटले होते. "कोपऱ्यावरचा वाणी विचारत होता, तुमच्याकडे वाढदिवस कुणाचा," ह्यांनी चप्पल काढता काढता सांगितलं. मग त्यांना गोष्ट कळली. जेवताना म्हणाले, "बाबा, मी जातो मास्तरांकडे. तुम्ही नुसते सोबत बसा."

"तुला नऊ महिने लागले होते," बाबा म्हणाले.

"पण झाले ना?"

"झाले. तुझा हात चांगला आहे. पण मास्तर दार उघडणार नाहीत, त्याला मी काय करू?"

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असं सासूबाई ताटाकडे बघत म्हणाल्या. कोणाबद्दल, ते कोणी विचारलं नाही.

फुगे संपले. टकळीला दुकानात पिटाळलं. साधे फुगे शिल्लक नव्हते, म्हणून ती सशाचे घेऊन आली. फुगवल्यावर वर दोन लांब कान. बाबांनी तो ससा नळाला बांधला आणि कंबरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिले.

"कानांना पण फेस लावायचा?" टकळीने विचारलं.

"कान म्हणजे परीक्षा अवघड झाली."

"मास्तरांना पण कान आहेत."

"मास्तरांचे एवढे नाहीत," बाबा म्हणाले, आणि मला दिवसभरात पहिल्यांदा त्यांचे खालचे चार दात दिसले.

दोन ससे नीट झाले. तिसरा गेला. पुन्हा एक. मग तीन झाले, चौथा गेला. सासूबाई मघापासून दारात उभ्या होत्या, पण बाबांच्या हाताकडे बघत नव्हत्या. त्या खाली बघत होत्या. मला वाटलं, फरशी ओली झाली म्हणून चिडल्या असतील.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुमचा हात नाही हलत. गुडघा हलतो."

"काहीतरीच काय?"

"उभं राहून पुढे वाकलात की उजवा गुडघा थरथरतो. तिथून वर चढतं. कंबर, खांदा, हात. फुग्याला काय, जे शेवटी येईल ते लागतं."

"तुला काय कळतंय वस्तऱ्यातलं?"

"वस्तऱ्यातलं नाही कळत. सदरे कळतात. गेले तीन महिने मी तुमचे सदरे धुतेय. तुम्ही बसून चहा पिता, बशीत एक थेंब सांडत नाही. माठापाशी उभं राहून पाणी पिता, तेव्हा छाती भिजते. हात तोच की नाही?"

बाबा वाकून गुडघा चाचपू लागले. मी त्यांच्या सदऱ्याकडे बघितलं. समोरून ओला होता, आणि मीही तो तीन महिने वाळत घालत होते. मला कधी सुचलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, त्यातली गत.

सासूबाई आत गेल्या आणि माळ्याखालचं स्टूल घेऊन आल्या. दुकानातलंच ते जुनं, मुलांना चढायचं. नळासमोर ठेवलं.

"बसा."

"नाही."

"का?"

"वस्तादांनी शिकवलंय. बसून वस्तरा चालवायचा नाही."

"वस्ताद आता वर आहेत."

"म्हणूनच. बघत असतील."

"बघू देत. तेसुद्धा आता बसूनच बघत असतील."

टकळी फिसकन हसली आणि मग घाबरून वही तोंडापुढे धरली. बाबा स्टुलाकडे असे बघत होते, जसं काही ते त्यांच्याकडून काहीतरी घ्यायला आलंय. मला वाटलं, आता वस्तरा मिटतील आणि बाहेर जातील. पण ते म्हणाले, "सूनबाई, दार लोटून घे."

मी दार लोटलं. ते बसले.

पहिला ससा झाला. दुसरा झाला. कानांच्या मधल्या खाचेतला फेससुद्धा वस्तऱ्याने असा उचलला, जसा कुणी दुधावरची साय उचलावी. तिसरा, चौथा, पाचवा. कुणी बोलत नव्हतं. टकळीसुद्धा नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. सातवा झाला. आठवा टकळीने हातात धरला होता, कारण नळाचा दोरा तुटला. वस्तरा टेकायच्या आधीच तो तिच्या बोटांत फुटला. तिच्या नखाने.

"हा मोजायचा नाही," सासूबाई लगेच म्हणाल्या. "हा तिने फोडला."

"फुटला की फुटला," बाबा म्हणाले. "एकपासून."

"अहो, पण वस्तरा लागलाच नाही."

"उद्या मास्तरांना शिंक आली, तर ती माझी नाही म्हणून सांगू? एकपासून."

टकळीच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांनी फेसाचं बोट तिच्या नाकाला लावलं. "रडू नकोस. माझ्या वेळी सातव्या महिन्यात नववा फुटला होता. वस्तादांच्या मांजराने. तुझ्यापेक्षा ते मांजर जास्त बोलायचं."

पाकिटात बरोबर अकरा ससे उरले होते. मी फुगवत होते, सासूबाई बांधत होत्या, बाबा बसल्या बसल्या साफ करत होते. माझे गाल दुखायला लागले. खिडकीतलं ऊन समोरच्या भिंतीवर चढलं. दहाव्या सशाचा शेवटचा पट्टा निघाला, तेव्हा बाबांनी वस्तरा मिटला आणि तो ससा टकळीच्या हातात दिला. सासूबाई म्हणाल्या, "आता सदरा बदला."

संध्याकाळच्या प्रार्थनेला मी जरा जास्त वेळ बसले. मागायचं काही नव्हतं, नुसतीच बसले.

आज सकाळी नऊ वाजता आम्ही मास्तरांकडे गेलो. बाबांच्या हातात पिशवी, माझ्या हातात स्टूल. जिन्यात बाबा दोनदा थांबले. एकदा गुडघ्यासाठी. दुसऱ्यांदा का थांबले ते मला ठाऊक आहे, पण मी स्टूल या हातातून त्या हातात घेत असल्यासारखं केलं.

मास्तर खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. पांढरीशुभ्र दाढी खरोखर बोटभर. बाबांना बघून म्हणाले, "आलात? मला वाटलं, आता वर्षश्राद्धालाच भेटणार. कुणाच्या, ते ठरलं नव्हतं."

बाबा हसले नाहीत. पिशवी खाली ठेवली आणि उभ्यानेच म्हणाले, "मास्तर, त्या दिवशी माझा हात चुकला. मी आलो नाही ते त्यामुळे. गुडघा दुखतो हेही खरं आहे, पण कारण ते नव्हतं."

मास्तरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "तुमचा हात? अहो, मी चमचा तोंडात असताना बोललो. तुम्ही सतराशे साठ वेळा सांगितलंय, चमचा असताना बोलू नका. मला त्या दिवशी एक जुना विद्यार्थी आठवला आणि राहवलं नाही. गाल हलला आणि लागलं. मी समजलो, तुम्ही माझ्यावर रागावलात, म्हणून येत नाही."

"पाच आठवडे?"

"पाच आठवडे. सुनेला म्हटलं, त्यांना यायचं असेल तर येतील. आपण चुकलोय, बोलावणार कुठल्या तोंडाने?"

आत मास्तरांच्या सुनेने कपाळावर हात मारला, तो आवाज बाहेर आला. तिचे पाच आठवडे कसे गेले असतील, ते मला विचारायची गरज नव्हती.

चूक कोणाची, ते अजून कळलेलं नाही. गुडघाही हलत होता आणि गालही. दोघेही आपलीच म्हणून हट्ट धरून बसले, आणि मला ते भांडण ऐकायला फार गोड वाटलं. शेवटी बाबांनी माझ्या हातातलं स्टूल घेतलं आणि खुर्चीसमोर ठेवलं. "अजून एक. मी आता बसून करणार. उभ्याने जमत नाही."

मास्तर म्हणाले, "मी चाळीस वर्षं बसूनच करून घेतोय. मला कुठे कमीपणा आला?"

आधी कात्रीने दाढी उतरवली. मग गरम पाण्याचा टॉवेल, मग फेस. मास्तरांच्या तोंडात चमचा गेला आणि त्यांनी डोळे मिटले. बाबांनी डावा अंगठा गालावर ठेवला, कातडी ताणली आणि वस्तरा खाली आणला. हात शांत होता. कानापासून हनुवटीपर्यंत एकच सरळ पट्टा, आणि त्याखाली पाच आठवड्यांनी उघडा पडलेला मास्तरांचा गाल, लहान मुलाच्या टाचेसारखा गुलाबी. दुसरा पट्टा, तिसरा. हनुवटीखाली आले तेव्हा बाबा क्षणभर थांबले, आणि मास्तरांनी चमच्यासकट मान आणखी मागे टाकली. त्यांनी मान टाकली म्हणून वस्तरा चालला, असं मला वाटतं.

तुरटी लागलीच नाही. चमचा काढल्या काढल्या मास्तरांनी त्या विद्यार्थ्याची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. तो भागाकार करताना दरवेळी बाकी खिशात घालतो म्हणायचा. बाबा एवढे हसले की मास्तरांच्या सुनेने त्यांना पाणी आणून दिलं. ते त्यांनी बसून प्यायलं.

घरी आल्यावर टकळीने वही पुढे केली. अडचणींच्या खाली तिने मास्तरांची दाढी लिहिली होती. बाबांनी ते खोडायला सांगितलं नाही. फक्त आनंदांच्या खालीही तेच लिहायला लावलं. शिक्षिका विचारतील, एकच गोष्ट दोन्हीकडे कशी, असं ती म्हणाली. बाबा म्हणाले, "विचारू देत. त्यांना आजोबा असतील तर कळेल."

स्टुलाची एक अडचण मात्र निघाली. ते मुलांना चढायचं असल्याने उंच आहे आणि मास्तरांची खुर्ची बुटकी. बाबांना सारखं पुढे झुकावं लागलं, आता कंबर धरून बसलेत. त्यामुळे सोमवारच्या दाढीआधी, उद्या सकाळीच, त्यांना सुताराकडे जायचंय, स्टुलाचे चारही पाय दोन-दोन बोटं कापून आणायला.